जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील बिघाड कसा शोधावा

वापरलेला ट्रॅक्टर घेतला की आधीच्या मालकाने केलेल्या, अर्धवट सोडलेल्या आणि टाळलेल्या दुरुस्त्याही सोबत येतात, आणि त्यांची नोंद बहुधा कोठेच नसते. म्हणून इंजिन लोड घेत नाही एवढ्यावरून हेड (सिलिंडरांवरचे झाकण) खोलू नये. डिझेल इंजिनाला स्वच्छ हवा, योग्य वेळी फवारलेले डिझेल आणि पुरेसे कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवेवर पडणारा दाब) लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची तपासणी इंजिन न उघडता होते आणि ‘इंजिन संपले’ असा शेरा मिळालेल्या कित्येक ट्रॅक्टरांचा दोष तेथेच सापडतो.

सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरत असेल तर प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी स्थिर असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर समजावी, आणि तो टिकूनही सेल्फ ओढत नसेल तर टर्मिनल व अर्थिंगची केबल घासून स्वच्छ करावी.

इंजिन जोमाने फिरते पण सुरू होत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, मात्र जळत नाही. डिझेल पोहोचत नसल्यास टाकीपासून क्रमाने पुढे यावे: कॉक, गाळणी, फीड पंप (टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा पंप), फिल्टर. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र मात्र हमखास विसरले जाते. ते मातीने बुजले की ट्रॅक्टर काही वेळ उत्तम चालतो, मग दम लागल्यासारखा बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. बंद पडताच झाकण सैल केल्यावर हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर दोष सापडला.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिकामी झाल्यावर लाइनमध्ये शिरलेली हवा काढावीच लागते. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताचा दांडा मारत राहावे. आधी फेसाळ, बुडबुडेवाले डिझेल येते, मग अखंड धार लागते, तेव्हा दांडा मारता मारताच स्क्रू आवळावा. नंतर हेच इंजेक्शन पंपावरच्या (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपावरच्या) स्क्रूपाशी करावे. हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर जुने वॉशर आणि चिरलेला रबरी पाइप तपासावा, कारण ओढीच्या बाजूच्या अशा फटीतून डिझेल गळताना दिसत नाही, हवा मात्र आत जाते.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर क्लीनर आधी तपासावा, नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) नंतर. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. इंजिन मिस होत असेल तर मंद गतीवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करावा: ज्या सिलिंडरवर आवाजात फरक पडत नाही तो काम करत नाही. ही पद्धत फक्त जुन्या मेकॅनिकल इंजेक्शन पंपाच्या इंजिनासाठी आहे, कॉमन रेल (सर्व नोझलना एकाच अतिउच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनावर ती कदापि वापरू नये. हातमोजे व चष्मा घालावा. दाबाची डिझेलची धार कातडीत घुसते आणि जखम किरकोळ दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीतला कचरा, पट्ट्याचा ताण आणि थर्मोस्टॅट पाहावा. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. थंड इंजिन सुरू करून झाकणाशी सतत बुडबुडे दिसले किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घ्यावा. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर त्याच क्षणी थांबवावा, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. बहुतेकदा फीड पंपाचा पडदा किंवा इंजेक्शन पंपाचे सील फाटलेले असते.

हे सर्व ठीक असूनही ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर जोराने फेकला जात असेल, ऑइल सतत घटत असेल आणि गरम इंजिनही सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडर मोजावा. एकच सिलिंडर कमी निघाला तर टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातील मोकळी फट) आणि व्हॉल्व्ह तपासून पाहावेत. सगळेच सारखे उतरलेले असतील, तर पिस्टनच्या रिंग व लायनरसाठी (सिलिंडरच्या आतल्या नळीसाठी) इंजिन खोलावे लागेल.