सरळ रेषेचं समीकरण: अकरावीला नव्यानं येणाऱ्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून पुण्यात अकरावी सायन्सला आलेल्या मुलांना मी गणित शिकवते. सरळ रेषेचा धडा सुरू झाला की बहुतेकजण वहीच्या मागच्या पानावर सगळी सूत्रं चौकटीत लिहून काढतात: स्लोप-पॉइंट, स्लोप-इंटरसेप्ट, टू-पॉइंट, डबल-इंटरसेप्ट. मग प्रत्येक गणितात ‘आता यातलं कुठलं लावू?’ हाच प्रश्न. ही पाठांतराची मेहनत वाया जाते. उभी रेषा सोडली तर कुठलीही रेषा ठरायला दोनच गोष्टी पुरतात, तिचा चढ (म्हणजेच स्लोप) आणि तिच्यावरचा एक बिंदू.

चढ तुम्ही दहावीच्या निर्देशक भूमितीत शिकला आहात. वायमधला फरक भागिले एक्समधला फरक. कर्जतहून लोणावळ्याकडे येणारी रेल्वे भोर घाट चढते, तिथला सर्वात खडा चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणून चढ, म्हणजे एम = १/३७. अंतर लोणावळ्यापासून कर्जतकडे मोजायला घेतलं तर त्याच रुळाचा चढ −१/३७ होतो. उणे चिन्ह दिसलं की घाबरू नका, एक्स वाढताना वाय कमी होतोय एवढंच ते सांगतं.

आता बिंदू. वाय = एमएक्स + सी मधला सी म्हणजे रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते तिथली उंची, म्हणजे (०, सी) हा बिंदू. समजा चढ −३/४ आणि वाय-इंटरसेप्ट, म्हणजे हाच सी, ५ दिलाय. आधी आलेख कागद घ्या. (०, ५) वर टिंब द्या, ४ घरं उजवीकडे, ३ घरं खाली, (४, २) वर दुसरं टिंब. रेषा तयार. मग वाय = −३/४ एक्स + ५ लिहा, ४ ने गुणा, सगळं एका बाजूला आणा: ३एक्स + ४वाय − २० = ०. शेवटी (४, २) घालून बघा: १२ + ८ − २० = ०. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा असतो, तो कधीच टाळू नका. चिन्हांच्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात.

पण सी कळला म्हणजे काय कळलं, हे तपासायला मी रिक्षाचं भाडं देते. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. समीकरण लिहा म्हटलं की जवळजवळ सगळा वर्ग लिहितो, वाय = १७एक्स + २५. चढ बरोबर आहे, १७. पण २५ हा इंटरसेप्ट नाही! २५ रुपये एक्स = १.५ ला आहेत, शून्याला नाहीत. आपल्या हातात असलेला बिंदू (१.५, २५) आहे. म्हणून वाय − २५ = १७(एक्स − १.५), म्हणजे वाय = १७एक्स − ०.५. चार किलोमीटरला ६७.५० रुपये. इंटरसेप्ट उणे अर्धा रुपया आला, म्हणून चुकलं असं वाटून काही मुलं खोडायला लागतात. खोडू नका. ही रेषा दीड किलोमीटरच्या पुढेच खरी आहे. त्याआधी भाडं २५ वर आडवं, चढ शून्य. रेषा मागे वाढवली तर ती वाय-अक्षाला −०.५ वर छेदेल, पण तिथे कुठलीही रिक्षा धावत नाही. ‘पहिला आकडा म्हणजे सी’ ही सवय या एका उदाहरणानं सुटते, असा माझा अनुभव आहे.

एमएचटी-सीईटी या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के असतो आणि हा धडा त्यात आहे. तिथे समीकरण बहुधा एएक्स + बीवाय + सी = ० असं येतं. चढ −ए/बी, वाय-इंटरसेप्ट −सी/बी. पाठ करण्याआधी दोन-तीनदा वाय एकटा करून स्वतः काढा. या सी-चा आणि आधीच्या सी-चा काही संबंध नाही, हेही तेव्हाच लक्षात येतं.

राहिली उभी रेषा. एक्स = ३ घ्या. एक्समधला फरक शून्य, शून्यानं भागता येत नाही, म्हणून चढच नाही. ती वाय-अक्षाला कुठेच भेटत नाही, त्यामुळे वाय-इंटरसेप्टही नाही. वाय = एमएक्स + सी मध्ये तिला बसवत बसू नका, थेट एक्स = ३ लिहा आणि पुढच्या गणिताकडे वळा.