बीसीजीआधी बाळाची प्रतिकारशक्ती कधी तपासावी?

निरोगी बाळाला बीसीजी या क्षयरोगाच्या लसीआधी रक्ततपासणी लागत नाही. पण आधीचं भावंड तान्हेपणीच जंतुसंसर्गानं दगावलं असेल, तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजी जन्मल्यावर लगेच टोचतात, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाच्या अंगभर तिच्यातले जिवंत जंतू पसरू शकतात. प्रतिकारशक्तीच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत बीसीजी, तोंडावाटेचा पोलिओ आणि रोटाव्हायरस या लसी थांबवण्याबद्दल विचारा. हिपॅटायटिस-बीची लस मात्र चुकवू नका.

मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. एकूण पांढऱ्या पेशींतून लिम्फोसाइटचा (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) वाटा काढा: ६,०००चे २५ टक्के म्हणजे १,५००. तान्ह्याचा लिम्फोसाइटचा आकडा ३,०००च्या खाली असेल, तर अहवालावर मोठ्यांच्या मापानं ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी थांबू नका, फ्लो सायटोमेट्री (लिम्फोसाइटचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. त्याचा नमुना ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतात, फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. नुसत्या आयजीजीवर (रक्तातल्या एका प्रतिपिंडाच्या मोजणीवर) विसंबू नका, सुरुवातीला ते आईकडूनच आलेलं असतं.