संगणकावर मराठी लिहिताना या चुका टाळा

नोटपॅडमध्ये पानभर मराठी लिहिलं, सेव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर नुसती प्रश्नचिन्हं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीच्या, रकान्यात ‘आन्सी’ निवडलेलं असतं आणि त्यात देवनागरीला जागाच नसते. नोटपॅड तसा इशाराही देतं, पण घाईत आपण ‘ओके’ दाबतो आणि अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली जातात. फाइल बंद केल्यावर तो मजकूर परत मिळत नाही. विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ या देवनागरीही सामावणाऱ्या पद्धतीत ठेवतं. त्याआधीचा संगणक असेल, तर ‘सेव्ह ॲज’मध्ये दर वेळी डोळ्यांनी खात्री करा.

प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि विचित्र चिन्हं दिसत असतील, तर घाबरू नका. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. फाइल नोटपॅड प्लस प्लस या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि एन्कोडिंग मेनूत वरच्या गटातलं ‘यूटीएफ-८’ निवडा. इथेच अनेकजण खालचं ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ दाबतात. त्याने ती विचित्र चिन्हंच पक्की होतात, आणि वर सेव्ह केलं की गुंता वाढतो. हीच फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, असेल आणि एक्सेलमध्ये बिघडत असेल, तर आधी मराठी नीट दिसू द्या, मग ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८-बॉम’ (बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची, एन्कोडिंग सांगणारी खूण) करून सेव्ह करा.

जुन्या कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधला मजकूर फॉन्ट बदलून युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीतला, होत नाही. मंगल हा युनिकोड फॉन्ट लावला की त्याखालची रोमन अक्षरं उघडी पडतात. त्याला त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घालाच, गडबड बहुधा तिथेच होते.

आता कीबोर्ड. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणातला दर्या वेगळे दिसले पाहिजेत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत त्यासाठी ‘जे’च्या कळीवर शिफ्टसह ऱ आहे. तो, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग य, की झालं ‘ऱ्य’. काहीजण साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक जोडून तेच रूप काढतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधताना एक सापडतं, दुसरं सुटतं. ‘ॲ’चंही तसंच. तो एकच अक्षर म्हणून टाइप करा, अ वर चंद्र ठेवून नको. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकणं हीसुद्धा याच जातीची चूक.

उच्चारानुसार टाइप करणारा फोनेटिक कीबोर्ड सोपा वाटतो आणि चार ओळींना पुरतोही. रोज लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्टच शिकावा, असं माझं ठाम मत आहे. तो विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीच असतो, पैसे पडत नाहीत, आणि कोणतं अक्षर पडणार हे अंदाजावर सोडलेलं नसतं. मराठी भाषा सेटिंगमध्ये जोडायची, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून अदलाबदल करायची.

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये फॉन्ट बदलूनही देवनागरी तशीच राहत असेल, तर तिथे मराठीसाठी वेगळा फॉन्ट ठरवावा लागतो. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून मराठी निवडा, मग कॅरेक्टरच्या खिडकीत त्याच नावाच्या भागात ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ हा फॉन्ट लावा.