बीएसएनएलच्या तांब्याच्या लाईनवर एडीएसएल राउटर कसा सेट करायचा

गावाकडे बऱ्याच ठिकाणी अजून फायबर पोचलेलं नाही, लँडलाईनच्या तांब्याच्या तारेवरच नेट चालतं (यालाच एडीएसएल म्हणतात), तर ज्यांनी नवीन मोडेम-राउटर आणलाय त्यांच्यासाठी लिहितोय. एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्या, सेटिंगला हात लावायच्या आधी लाईन तपासा. फोन उचलून डायल टोन ऐका, खरखर येत असेल तर राउटरमध्ये काहीही बदललंत तरी नेट तुटतच राहणार, पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की हमखास असं होतं. अशा वेळी सरळ लाईनची कम्प्लेंट टाका.

आता स्प्लिटर, म्हणजे एकाच तारेवरचा फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी. त्याला तीन तोंडं असतात, लाईनमध्ये भिंतीवरून येणारी वायर, फोनमध्ये फोन, मोडेममध्ये राउटर. घरात दुसऱ्या खोलीत पॅरलल फोन असेल तर तोही स्प्लिटरच्या फोनच्या बाजूनेच घ्या, थेट लाईनवर ठेवलात तर बोलताना आवाज येतो आणि नेटही मध्येच जातं.

मग राउटरचा डीएसएल लाईट बघा. तो लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मगच पुढे जायचं, कारण तो स्थिर नसताना युजरनेम पासवर्ड टाकून काही उपयोग नाही. केबलने कॉम्प्युटर जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (वेगळा अ‍ॅड्रेस असेल तर राउटरच्या खाली स्टिकरवर असतो), लॉगिन करून वॅन किंवा इंटरनेट सेटअपमध्ये जा. तिथे या रकान्यांत असं भरा: व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५, कनेक्शन टाईप पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने नेट जोडायची पद्धत), एन्कॅप्सुलेशन एलएलसी. खाली कंपनीने दिलेलं ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्ड, जसंच्या तसं. एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याची कमाल साईज) १४९२ ठेवा, नेहमीच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओईलाच लागतात, जास्त ठेवलंत तर काही साईट उघडतात आणि काही नुसत्या फिरत बसतात. सेव्ह करून रिबूट.

इंटरनेट लाईट लागला नाही किंवा लाल झाला तर आधी युजरनेम-पासवर्डच तपासा. डीएसएल लाईटच सारखा जात असेल तर स्टेटस पानावर एसएनआर मार्जिन (लाईनवरच्या गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ आहे ते) बघा, ६ डीबीच्या खाली असेल तर लाईन कमजोर आहे, दुसरी चांगली वायर लावून परत बघा.

ज्यांना स्वतःचा वेगळा वायफाय राउटर मोडेमच्या मागे लावायचाय त्यांनी मोडेम ब्रिज मोडला टाकायचा (म्हणजे तो नुसता सिग्नल पुढे देतो, लॉगिन करत नाही) आणि पीपीपीओई त्या राउटरमध्ये भरायचं, दोन्हीकडे भरायचं नाही. आणि दोघांचाही अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदला, नाहीतर मोडेमचं पानच उघडणार नाही.

नेट चालू झालं की अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, बॅकअपमधून सेटिंगची फाईल सेव्ह करा, चुकून कोणी मागचं रिसेट बटण दाबलं तर वरचं सगळं उडतं.