स्प्रिंग एअर पिस्तूल: छर्रे विखुरणं असं थांबलं

रावेरला केळीच्या मळ्यातल्या शेडमध्ये 10 मीटरवर सराव करतो. मागे मातीचा जाड बांध, डोळ्यांवर चष्मा. लक्षण असं: नेम तोच, तरी 4.5 मिमीचे छर्रे कधी वर, कधी डावीकडे. पिस्तूल लाकडी ठोकळ्यावर टेकवलं तर आणखीच फाकायचे.

छर्रे बदलले, साईट (नळीवरची नेम धरायची खूण) रोज फिरवली, मूठ आवळली. दोन महिने गेले, जीव रडकुंडीला आला.

खरं कारण मुठीत होतं. ट्रिगर दाबला की स्प्रिंगच्या जोराने आतला जड, हवा दाबणारा दट्ट्या पुढे धावतो, पिस्तूल मागे सरकतं; दट्ट्या थांबताना ते पुढे ओढलं जातं. छर्रा नळीतून सुटण्याआधीच ही हालचाल सुरू होते. म्हणून पकड बदलली की छर्ऱ्याची जागा बदलते.

आता क्रम असा. आधी सगळे स्क्रू तपासतो. धक्क्यांनी ते सैल होतात. मग हस्तांदोलनाइतकीच पकड, दर वेळी तीच. टेकू हवाच तर मनगटाखाली घडी केलेली गोधडी, पिस्तुलाखाली काही नाही. डोळे मिटून हात उचलतो. उघडल्यावर नेम बाजूला दिसला तर मनगट न वळवता पाय सरकवतो. नजर पुढच्या साईटवर, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. ट्रिगर सरळ मागे, हळूहळू. आवाजानंतरही दोन सेकंद हात तसाच. हे मी सर्वांत उशिरा शिकलो आणि फरक याच्यानेच जास्त पडला.

दहा छर्रे एका जागी जमल्यावरच मागची साईट हलवली: छर्रा जिकडे न्यायचा, तिकडे. आता दहाही छर्रे 59.5 मिमीच्या काळ्या वर्तुळात बसतात.