आवडत्या चित्रपटावरून चित्र काढून घेताना

आवडत्या चित्रपटावरून एखाद्या चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायचे ठरले की बहुतेक जण लगेच चित्रकार शोधायला लागतात. माझ्या मते हे नंतरचे काम आहे. त्या चित्रपटातले नेमके काय भिंतीवर हवे आहे, एखादा प्रसंग, एखादे पात्र, एखादी जागा, की चित्रपट संपल्यावर मनात रेंगाळणारी नुसती मनःस्थिती, हे आधी स्वतःशी ठरवावे. पडद्यावरची फ्रेम जशीच्या तशी हवी असेल तर चांगल्या कागदावरची छापील प्रत पुरेशी असते. ती स्वस्तही पडते आणि अधिक अचूकही असते. चित्रकाराला आपण मोबदला देतो तो त्याने त्या प्रसंगाकडे स्वतःच्या नजरेने पाहावे म्हणून, आणि त्याला तशी मोकळीक द्यायची तयारी नसेल तर या वाटेला न गेलेलेच बरे.

क्षण निवडताना एक अडचण हमखास येते. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीने चालतो, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात पावणेदोन लाखांच्या आसपास फ्रेम असतात. पण आपल्याला आठवतो तो क्षण त्यांतल्या कोणत्याही एका फ्रेममध्ये पूर्णपणे सापडत नाही. त्यामागे पार्श्वसंगीत असते, कॅमेऱ्याची हालचाल असते, आधीच्या अर्ध्या तासात साचलेला ताण असतो, आणि चित्र थांबवून पाहिले की हे सगळे गळून पडते. म्हणून निवडलेली फ्रेम, तो चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या माणसाला दाखवावी. त्याची नजर तिच्यावर थोडा वेळ रेंगाळली तर त्या रचनेत स्वतःचा जीव आहे असे समजावे. तसे झाले नाही तरी प्रसंग सोडून द्यायची गरज नाही. मात्र त्याची मांडणी चित्रकाराला नव्याने करावी लागेल, एवढे आधीच ध्यानात घ्यावे.

यानंतर आकाराचा प्रश्न येतो आणि इथे पुष्कळांची फसगत होते. जुन्या चित्रपटांची चौकट साधारण 1.37 : 1 (रुंदी : उंची) या प्रमाणात असे, तर पुढच्या काळात 1.85 : 1 आणि त्याहून लांबट 2.39 : 1 ही प्रमाणे रूढ झाली. बाजारात तयार मिळणारे कॅनव्हास मात्र 16 × 20 किंवा 24 × 36 इंच अशा मापांचे, म्हणजे या लांबट पडद्यांपेक्षा बरेच चौकोनी असतात. 2.39 प्रमाणातली फ्रेम 36 इंच रुंदीत बसवली तर उंची जेमतेम 15 इंच भरते. त्या पट्टीत 8 इंच उंचीची उभी आकृती रंगवायची म्हटले तर तिचे डोके साधारण एक इंचाचे होते, आणि एका इंचात एखाद्या अभिनेत्याचा चेहरा ओळखू येईल इतका हुबेहूब उतरवणे हे सराईत हातालाही अवघड जाते. चेहरा महत्त्वाचा असेल तर फ्रेमचा काही भाग कापून जवळून रचना करावी किंवा सरळ उभे चित्र करून घ्यावे. आसमंत महत्त्वाचा असेल तर लांबट कॅनव्हास मुद्दाम बनवून घ्यावा आणि आकृती पाठमोरी किंवा दूरची ठेवावी. माप पक्के करण्यापूर्वी वर्तमानपत्राचे कागद जोडून त्या आकाराचा तुकडा भिंतीवर दोन दिवस चिकटवून पाहावा. मनातले माप आणि भिंतीवरचे माप यांत केवढा फरक असतो ते लगेच दिसते.

रंगांच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. पडदा उजेड फेकतो, तर कॅनव्हास खोलीतला उजेड परत पाठवतो. रात्रीच्या रस्त्यावरचा निऑनचा निळा किंवा गुलाबी रंग पडद्यावर जसा पेटलेला दिसतो तसा रंगद्रव्याने पेटत नाही. चित्रकार भोवतालचे रंग दबके आणि विरोधी ठेवून उजेडाचा भास निर्माण करतो. झळाळणारे फ्लुरोसंट रंग वापरा असा हट्ट धरू नये, कारण ते उन्हाउजेडात लवकर उडतात. अंधाऱ्या प्रसंगाचे चित्र असेल तर ते कोणत्या भिंतीवर लागणार आहे हेही सांगावे. समोर खिडकी असेल तर चकचकीत वॉर्निशखालच्या काळोखात ती खिडकीच दिसत राहते. मॅट वॉर्निशने प्रतिबिंब टळते, पण गडद भाग किंचित राखाडी दिसू लागतात.

माध्यम कोणते, हे शक्यतो चित्रकारावर सोपवावे. तैलरंगात छटा एकमेकींत मिसळतात आणि काळोखाला खोली येते, पण ते वाळायला बराच वेळ लागतो. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळते आणि स्वच्छ, ठाशीव आकारांना ते साजते. जलरंग धुक्या-पावसाच्या प्रसंगांना शोभतात, मात्र त्यांना काचेची फ्रेम लागते.

आता चित्रकाराची निवड. त्याची आधीची कामे पाहताना 'छान आहेत' एवढ्यावर थांबू नये. आपल्याला हवे तशा प्रकारचे काम त्याने केले आहे का, ते पाहावे. निसर्गचित्रांत तरबेज असलेल्या माणसाकडून व्यक्तिचित्राची अपेक्षा ठेवणे दोघांनाही जाचक ठरते. छापील कॅनव्हासवर वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून हाताने रंगवल्याचा आभास निर्माण करणारेही असतात, त्यामुळे काम चालू असतानाची छायाचित्रे मिळतील का, हे सुरुवातीलाच विचारावे. प्रामाणिक चित्रकार त्याचे वाईट वाटून घेत नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो लेखी टिपणावर. 'मला या चित्रपटाचे सुंदर चित्र हवे आहे' या वाक्यातून चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'शेवटच्या प्रसंगात ती फलाटावर उभी आहे आणि गाडी निघून गेली आहे. मला तिचा चेहरा नको, पाठमोरी आकृती हवी. फलाट ओला असावा. तिच्या हातातली पिवळी पिशवी हा चित्रातला एकमेव उबदार रंग असावा. स्टेशनचे नाव, पाट्या, इतर प्रवासी गाळले तरी चालतील.' यात काय हवे, काय नको आणि कुठे मोकळीक आहे, हे तिन्ही आले. सोबत त्या प्रसंगाच्या तीन-चार स्पष्ट फ्रेम द्याव्यात; फिरत फिरत आलेली, आक्रसलेली प्रतिमा देऊ नये, कारण तिच्यातले सावलीचे तपशील पुसले गेलेले असतात. चित्रकाराला मूळ चित्रपट पाहायला सांगण्यातही काही गैर नाही, आणि तो पाहून त्याने वेगळा प्रसंग सुचवला तर ऐकून घ्यावे.

व्यवहार लेखी असावा. सर्वसाधारणपणे काही रक्कम आगाऊ आणि उरलेली काम पूर्ण झाल्यावर दिली जाते. आधी दोन-तीन छोटी कच्ची रेखाटने, मग रंगांचा एक छोटा नमुना आणि त्यानंतर मोठा कॅनव्हास, असे टप्पे ठरवून घ्यावेत. जे बदल सुचवायचे ते रेखाटनाच्या टप्प्यावरच सुचवावेत. रंग चढल्यावर आकृती डावीकडे सरकवा म्हणणे म्हणजे अर्धे काम पुन्हा करायला सांगणे. किती वेळा बदल करून मिळतील, मुदत किती, काम अर्ध्यावर थांबले तर आगाऊ रकमेचे काय, हे त्याच कागदावर यावे. हक्कांबाबतही स्पष्टता हवी. चित्रपटाचे हक्क त्याच्या निर्मात्याकडे किंवा हक्कधारकाकडे असतात. घरात लावायचे एक चित्र आणि त्याच चित्राच्या विक्रीसाठी काढलेल्या प्रती यांत मोठा फरक आहे. प्रती विकायच्या तर हक्कधारकाची परवानगी लागते. चित्राचे पैसे दिले म्हणून त्याचा कॉपीराइटही आपल्याकडे आला, असे प्रत्येक देशाचा कायदा मानत नाही. आपल्या चित्राचे छायाचित्र चित्रकार स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल का, तेही ठरवून टाकावे.

चित्र दूरवरून येणार असेल तर रंगाच्या पृष्ठभागावर थेट बबल रॅप येऊ देऊ नये, त्याचे गोल ठसे उमटतात. मध्ये गुळगुळीत ग्लासिन कागद असावा. गुंडाळून पाठवायचे झाल्यास रंगवलेली बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळतात. तैलचित्र हाताला कोरडे लागले तरी आतून पुष्कळ दिवस वाळत राहते, म्हणून अखेरचे वॉर्निश सहा महिने ते वर्षभरानंतर लावण्याची रीत आहे. ते कोण लावणार आणि त्याचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे का, हे चित्र ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे.