जत्रेच्या वाटेवर ओआरएस: मापाची बाटली हातातच असते

चैत्री पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर निघालात आणि वाटेत पोराला जुलाब लागले, तर ओआरएस (जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी, पाण्यात विरघळवून पाजायची पूड) बनवताना पाणी मोजायला भांडं शोधत बसू नका.

१. १ लिटरची सीलबंद बाटली घ्या, पेलाभर पाणी काढून ठेवा.
२. कागदाची पुंगळी करून ओआरएसची अख्खी पुडी आत ओता. हलवा आणि पेल्यातलं पाणी परत भरा.
३. चमच्या-चमच्यानं पाजा. उलटी झालीच तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

पुडीवर '१ लिटर' आहे ना, ते आधी बघा. २०० मिलीचीही मिळते. फळांच्या चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

पोर सुस्तावलं, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर देवदर्शन राहू दे, तडक दवाखाना गाठा.